माझ्या हातचा मलिदा

११ नोव्हेंबर

पोत्याची शिवण जिन्यातच उसवली आणि नारळ गडगडत खाली निघाले. रोनेन त्यांच्यामागे धावला. झिल्पा वरच्या पायरीवर उभी राहून टाळ्या पिटत होती. एक नारळ तळमजल्यावरच्या दारावर जाऊन आदळला. दार उघडून गंजीफ्रॉकमधले एक गृहस्थ बाहेर आले, हातात नारळ घेऊन. सोसायटीचे सेक्रेटरी हितेशभाई. म्हणाले, काकी, आमच्याकडे नारळ देऊन स्वागत करतात, मारून नाही. मी म्हटलं, तो ठेवूनच घ्या, दंड समजून. ते हसले. इथल्या माझ्या पहिल्या ओळखीची सुरुवात अशी झाली.

रोडपालीतला तिसरा मजला. रोनेन माझ्या भावाचा मुलगा, तळोज्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. रिवका, त्याची बायको, बँकेत. दोघं सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात आणि झिल्पा दिवसभर पाळणाघरात. आत्या, तुम्ही या, असं रिवका वर्षभर फोनवर म्हणत होती. अलिबागकडच्या घराला शेवटी कुलूप लावलं. तिथे कुणासाठी राहायचं? इनॉकला जाऊन इतकी वर्षं झाली. मूल नाही.

आत शिरताना चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थनेचा कागद ठेवलेल्या डबीला, बोटं टेकवून ओठांना लावली. झिल्पाला तिथवर हात पुरत नाही. तिला उचलून घेतलं. तिने आधी मेझुझाला हात लावला आणि मग माझ्या गालाला.

रिवकाने स्वयंपाकघर दाखवलं आणि म्हणाली, आजपासून हे तुमचं. मी खोवणी पिशवीतून काढून ओट्यावर ठेवली.

१४ नोव्हेंबर

घर लागलं. झिल्पाचं पाळणाघर बंद केलं. ती आणि मी दिवसभर बोलतो. तिला कर्नाळ्याचे पक्षी बघायचे आहेत. मी कबूल केलं आहे.

दारावर गुणाबाई येते. उरणची कोळीण, मोठा मुलगा आणि सून कोमल यांच्यासोबत कळंबोलीत राहते. मी फक्त खवल्यांचा मासा घेते, म्हणून रोज माझी टर उडवते. कोलंबी नाय, चिंबोरी नाय, मंग कोकनात जन्माला येवून मिलवलास काय, बाय? मी म्हटलं, आमच्या ज्यू धर्मात नाही. ती म्हणाली, आमचे धर्मान सगला हाय, ये आमचेकडं.

मासा साफ करून झाला की ती उंबऱ्यात टेकते आणि सोलकढी मागते. नारळाचं दूध मी मिक्सरवर काढत नाही. खोवायचं, कोमट पाण्यात हाताने कुस्करायचं, मुठीने पिळायचं. दोन पेले पिऊन ती म्हणाली, तुजे हातान गोडी हाय.

हे मला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं आहे. इनॉक सांगायचा. शाळेत मी मराठी शिकवायचे. मुलांना माझं व्याकरण आठवत नाही, डब्यातली चटणी आठवते.

२२ नोव्हेंबर

संध्याकाळी तळोज्याकडून वारा आला की घरात रसायनाचा वास भरतो. लोक खिडक्या लावून घेतात आणि टीव्ही मोठा करतात. आज नळाच्या पाण्यालाही वास होता. मी पेला घेऊन हितेशभाईंकडे गेले. ते म्हणाले, काकी, टाकी दिवाळीआधीच धुतली आहे. मी म्हटलं, मग हा वास कसला? ते म्हणाले, क्लोरीनचा. म्हणजे पाणी स्वच्छ आहे.

वास येतो म्हणून स्वच्छ. मी पेला त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

पाण्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. इनॉक पाण्याने गेला. विषमज्वर. आतडं फुटलं, अलिबागला नेईपर्यंत पोट दगडासारखं झालं होतं. आमच्या आळीत एकच विहीर. ती मी बुजवून घेतली. ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर बसून राहिले, मागे हटले नाही. शेजारची भीमाबाई रडली, आता पाण्याला कुठवर जाऊ म्हणाली. मी तिला म्हटलं, माझा नवरा जिथे गेला तिथवर नाही जावं लागणार.

५ डिसेंबर

गुणाबाई आठवडाभर आली नाही. आज कोमल आली, टोपली नाही, नुसतीच. सासूला ताप आहे, उतरत नाही, जेवत नाही. मागते ती फक्त बायची कढी.

बाटली भरून दिली.

९ डिसेंबर

झिल्पाला ताप. रिवकाने सुट्टी घेतली. पट्ट्या बदलत बसलो. पोरीची जीभ मधोमध पांढरी, कडा लाल. ही जीभ मी पाहिलेली आहे.

मी रोनेनला म्हटलं, पाणी. तो म्हणाला, आत्या, आपण फिल्टरचं पितो. मी म्हटलं, फिल्टर कंपनी विकते आणि कंपनीला तुझ्या पोरीची जीभ दिसत नाही.

१२ डिसेंबर

रक्त तपासलं. विषमज्वरच. झिल्पा पनवेलच्या एका दवाखान्यात, हाताला सलाईन. नेहमीची औषधं तिच्या जंतूला लागू पडत नाहीत. वरची, जोरकस औषधं सुरू केली आहेत. डॉक्टर हे असं सांगतात जसं दुकानदार सांगतो की हा माल संपला, तो आहे.

मी परत येऊन सोसायटीच्या ऑफिसात उभी राहिले. सात-आठ माणसं होती. मी त्यांना विचारलं की तुम्ही काय पिता ते तुम्हाला माहीत आहे का. एक जण म्हणाला, आजी, आमच्याकडे कुणी आजारी नाही. मी म्हटलं, पडाल. हितेशभाई चिडले. पाणी तपासायला देतो म्हणाले, सरकारी प्रयोगशाळेत, आणि स्वच्छ निघालं तर सगळ्यांसमोर माफी मागायची.

मी कबूल झाले.

१५ डिसेंबर

गुणाबाई गेली.

आतडं फुटलं. कोमल दारात उभी राहून सांगत होती आणि तिच्या मागे जिन्यात कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं होतं. मी खाली जाऊन तो मोबाईल हिसकावून घेतला. कुणाचा होता बघितलंही नाही.

कोमल म्हणाली, शेवटपत्तूर तुमची कढी तेवढी पोटान राहत होती. बाकी सगला उलटायची.

१७ डिसेंबर

झिल्पाचं पोट फुगलं आहे. सर्जनला बोलावून ठेवलं आहे. रिवका भिंतीला टेकून उभी असते, बसत नाही.

आज मी नवस केला, आमच्या प्रेषिताला. दवाखान्याच्या बाकावर, डोकं झाकून. एलियाहू हनाबी, पोर उठली तर मलिदा करीन. माझ्या हातचा. मी पोहे धुवीन, मी खोबरं खोवीन, मी कालवीन. दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही.

आमच्याकडे नवस असाच बोलतात. बोलला की बांधला गेला.

२३ डिसेंबर

पोट उतरलं. ताप उतरतो आहे. तिने बिस्कीट मागितलं.

पाण्याचा निकाल आला. टाकी स्वच्छ, नळ स्वच्छ, आमचा फिल्टर स्वच्छ. हितेशभाईंनी माफी मागायला लावली नाही. नुसते म्हणाले, पोर बरी होऊ दे काकी, बाकी जाऊ दे. त्या चांगुलपणाचा मला जास्त राग आला.

पाणी नाही तर काय? पाणी नाही तर कोण?

२८ डिसेंबर

झिल्पा घरी. पाय काड्यांसारखे. मी तिला उचलून मेझुझापाशी नेलं.

आरोग्य खात्याची एक मुलगी आली होती, डॉक्टर वल्लरी. दोन घरं, एकच जंतू, त्याच औषधांना दाद न देणारा. गुणाबाई कुठे काय खात होती ते ती कोमलकडून विचारून आली होती. घरातल्या सगळ्यांचे शौचाचे नमुने हवेत म्हणाली. माझ्याकडे वळून तिने विचारलं की स्वयंपाक कोण करतं. हात कशाने धुता.

मी सांगितलं, भाकरी मोडण्याआधी तांब्याने दोन्ही हातांवर पाणी घेते आणि आशीर्वाद म्हणते. लहानपणापासून एकदाही चुकले नाही.

ती म्हणाली, साबण?

मी तिला दार दाखवलं. रिवकाने तिला परत आत बोलावलं. नमुने दिले.

६ जानेवारी

रोनेनचा स्वच्छ. रिवकाचा स्वच्छ.

माझा नाही.

७ जानेवारी

डॉक्टर वल्लरी समोर बसून सावकाश सांगत होती, मला कमी ऐकू येत असल्यासारखं. मला कधीतरी हा ताप येऊन गेला असेल, अंगावर काढला असेल. मी बरी झाले. जंतू गेले नाहीत. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. त्या खड्यांवर बुळबुळीत थर करून ते राहतात. अधूनमधून थोडे खाली सोडतात. मला काहीच करत नाहीत.

मी विचारलं, किती दिवस राहतात?

ती म्हणाली, काढलं नाही तर जन्मभर.

महिनाभर गोळ्या, मग पित्ताशय काढायचं. गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी तपासायचं, अंतर ठेवून, तीनदा. तिन्ही वेळा स्वच्छ येईपर्यंत दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही. शिजवलेल्यात एक वेळ मरतात. कच्च्याला तर हातच लावायचा नाही. चटणी, कोशिंबीर, कढी.

जाताना ती म्हणाली, आजी, तुमची यात काही चूक नाही.

तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. चूक असती तर बरं झालं असतं. चुकीची माफी मागता येते.

८ जानेवारी

रिवकाने माझं ताट वेगळं केलं. पेला वेगळा. काही बोलली नाही. बोलली असती तर भांडले असते. खोवणी ओट्यावरून गेली आहे, कुठे ठेवली विचारलं नाही.

झिल्पाने विचारलं, दाना आजी, तू जेवण का नाही करत? रिवका म्हणाली, आजी दमली.

मी दमले नाही.

११ जानेवारी

इनॉकचा डबा मी भरायचे. त्याला रोज चटणी लागायची, ओल्या खोबऱ्याची.

विहीर मी बुजवली. त्यानंतर भीमाबाईची मुलगी गेली, त्याच तापाने. लोक म्हणाले, लांबून आणलेल्या पाण्याने. मीही म्हणाले. त्या पोरीला माझा लळा होता. शाळेतून आली की माझ्याच ओट्यावर —

विहीर चांगली होती.

१३ जानेवारी

उजव्या बरगडीखाली हात ठेवून बसते. काही लागत नाही. दुखलं असतं तर — दुखतही नाही. तिथे आहेत. मी श्वास घेते तेव्हा ते वरखाली होतात. मी जेवते तेव्हा पित्तातून खाली उतरतात. मी विधवा झाले, हे होते. मी विहिरीपाशी उभी राहून ओरडले, हे आत होते, ऐकत होते. इतक्या वर्षांत मला एकही मूल झालं नाही आणि यांची —

कोटी म्हणाली ती डॉक्टर मुलगी. मी विचारलंच नव्हतं.

१५ जानेवारी

हात धुते. साबणाने. ब्रशने. नखांच्या मुळांतून रक्त आलं. रोनेनने ब्रश काढून घेतला. आत्या, पुरे, म्हणाला. त्याने माझा हात धरला नाही. ब्रश धरला.

१९ जानेवारी

कोमल जिन्यात भेटली. तिला डॉक्टरांनी सांगितलं आहे. मी वाट बघत होते की ती शिवी देईल. ती म्हणाली, सासू तुमची आठवन काडीत गेली.

एवढंच. मग खाली गेली. मी कठडा धरून उभी राहिले. नंतर आठवलं — कठडा.

पुसून आले.

२४ जानेवारी

राग येतो. कुणाचा करू? टाकीचा होता तेव्हा बरं होतं. हितेशभाईंचा होता, कारखान्यांचा होता, ग्रामपंचायतीचा होता. आता सगळे निर्दोष आहेत. सगळे माझ्याशी चांगले वागतात. रिवका माझ्यासाठी वेगळी आमटी करते, वाढताना हसते. वळली की ओटा पुसते. मी ऐकते तो फडक्याचा आवाज.

३० जानेवारी

बरगडीखाली आज काहीतरी —

नाही. काही नाही. गोळ्यांनी मळमळ. मरत असतील. मरा.

३ फेब्रुवारी

नवस.

झिल्पा उठली. धावते. नवस फेडायचा राहिला आहे. मी रिवकाला सांगितलं. ती म्हणाली, करू या ना, रविवारी दहा माणसं बोलावू, मलिदा मी करते, तुम्ही बसून सांगा. मी म्हटलं, माझ्या हातचा बोलले आहे.

मलिदा विस्तवावर चढत नाही. पोहे धुवायचे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, हाताने कालवायचं. ती हे जाणते. तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, आत्या, देव समजून घेईल.

देव. पोर फुगलेल्या पोटाने पडली होती तेव्हा मी काय बोलले ते त्याने ऐकलं. शब्दन्‌ शब्द ऐकला. आता समजून घेईल? आणि नाही घेतलं तर? दिलेलं परत मागितलं तर — कुणाला मागेल? मला नाही.

७ फेब्रुवारी

रिवका म्हणते, ऑपरेशननंतर करा, तोवर थांबू. रोनेनही तेच. फेडायचा नवस लांबवत नाहीत. आईने लांबवला होता, माझा धाकटा भाऊ —

झिल्पाला आज जरा कणकण होती. संध्याकाळी गेली. रिवका म्हणाली, खेळून दमली.

मला माहीत आहे कशाची होती.

१२ फेब्रुवारी

मी स्वतः जाऊन नमुना दिला, बाजारातल्या प्रयोगशाळेत. कुणाला न सांगता. आज निकाल.

स्वच्छ.

डॉक्टर वल्लरीला फोन केला. ती म्हणाली, आजी, कालपरवापर्यंत गोळ्या चालू होत्या, यावर जाऊ नका. ते रोज खाली येत नाहीत. खडे अजून आत आहेत.

तिला खडे दिसतात. मला कागदावरचा शब्द दिसतो. त्या दिवशी तिच्या कागदावर मी विश्वास ठेवला की नाही? मग आज माझ्या कागदावर —

१४ फेब्रुवारी

रिवकाला सांगितलं की तूच कर. तिने माझ्याकडे बघितलं. खूप दिवसांनी डोळ्यांत बघितलं. तिला रडू आलं.

मला आलं नाही.

१५ फेब्रुवारी

शनिवारचा शब्बाथ संपला. आता लिहिते.

उद्या रविवार. माणसं यायची आहेत. पोहे आणले आहेत. रिवकाने पाणी उकळून झाकून ठेवलं. नखं कापली. किती काळजी घेते. मी बघत होते. मीही अशीच घेतली असती. मला कुणी सांगितलं असतं तर. कुणीच सांगितलं नाही. इतकी माणसं माझ्या हातचं जेवली, तृप्त होऊन ढेकर देऊन गेली, एकालाही —

हात स्वच्छ आहेत. कागद सांगतो. गोळ्या सगळ्या घेतल्या. साबणाने धुतले. पुन्हा धुतले.

बरगडीखाली शांत आहे. फार शांत. झोपल्यासारखं. किंवा ऐकत —

नवस माझा आहे. पोर माझ्यामुळे पडली, माझ्यामुळेच उठली. दुसऱ्याच्या हातचा त्याला चालणार नाही. सगळा नाही करायचा. रिवका करू दे. मी फक्त एकदा हात —

१६ फेब्रुवारी

सकाळी रिवकाने पोहे धुतले, खोबरं-गूळ घालून परात फडक्याने झाकली आणि आंघोळीला गेली. मी मनगटापर्यंत दोन्ही हात घालून कालवलं. फडकं होतं तसं ठेवलं.

माणसं आली. प्रार्थना झाली. रिवकाने सगळ्यांसमोर माझे आभार मानले, समजून घेतल्याबद्दल. मग पहिला घास तिने झिल्पाला भरवला. झिल्पा म्हणाली, दाना आजीच्या हातचा लागतो, आणि पुन्हा तोंड उघडलं.